चांगुलपणाची भरपाई कशासाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत कॅशियर असलेली २७ वर्षांची वाचक लिहिते. कॉलेजात असताना तिच्या ओठांच्या कडेला आणि बोटांच्या पेरांवर पांढरे डाग उठले. डॉक्टरांनी कोड असल्याचं सांगितलं. रोज सकाळी ती डागांवर कव्हर क्रीम लावते. पण नोटा मोजताना ओल्या स्पंजवर बोटं टेकून टेकून दुपारपर्यंत पेरांवरचं क्रीम निघून जातं, मग डब्याच्या सुट्टीत पुन्हा लावावं लागतं. काही खातेदार ‘पैसे हातात नको, काउंटरवर ठेवा’ म्हणतात. आता एक स्थळ जमत आलंय. मुलगा एमआयडीसीत नोकरीला आहे, दोघं फोनवर बोलतात, त्याला कोडाचं माहीत नाही. साखरपुड्याची तारीख काढायचं चाललंय. आईचं म्हणणं, ‘लग्न होऊन जाऊ दे, मग कळेल हळूहळू.’ धाकट्या भावाचं लग्न व्हायचं आहे, ही तिची काळजी. मामा म्हणतात, ‘मन सुंदर असलं की झालं, चोखोबांनी सांगूनच ठेवलंय.’ आणि ती विचारते: ‘दिसण्यातली कमी मी स्वभावाने भरून काढते. संस्थेत कुणाचंही काम अंगावर घेते, नात्यात कुणी आजारी असलं की मीच जाते, कुणाला नाही म्हणत नाही. हे पुरेल का? आतलं सौंदर्य खरंच कुणाला दिसतं का? की त्याला सांगून टाकू?’

प्रिय मैत्रिणी,

त्याला सांगायचं की नाही, हा प्रश्न तारखेमुळे घाईचा झालाय, त्यावर मी येतेच. पण मला आधी ‘हे पुरेल का’ या तुझ्या तीन शब्दांपाशी थांबायचंय. त्यांचं उत्तर मिळाल्याशिवाय तू त्या मुलाशी बोललीस, तर ते बोलणं माफी मागितल्यासारखं होईल.

कशाला पुरेल? तू दिवसभर कर्जखाती पाहतेस म्हणून त्याच भाषेत विचारते. कोड म्हणजे जणू तुझ्या नावावर चढलेलं कर्ज, असं धरून तू चांगुलपणाचे हप्ते भरते आहेस. मावशीच्या ऑपरेशनला रात्रभर जागलीस, एक हप्ता. सहकाऱ्याचं महिनाअखेरचं काम केलंस, आणखी एक. पण हे कर्ज तू घेतलंस कधी? तुझ्या त्वचेतल्या काही पेशी मेल्या, त्यात तू कुणाचं काय घेतलंस? आणि ही फेड कधीच संपणार नाही, हे तुलाही कळतंय, नाहीतर ‘पुरेल का’ असं विचारलं नसतंस.

ज्यांना दिसण्यावरून सतत ऐकावं लागतं, त्यांची पत्रं मला नेहमी येतात. सावळ्या मुली, जाड म्हणवले जाणारे मुलगे, चेहऱ्यावर भाजल्याची खूण असलेल्या बायका. त्यांतल्या कितीतरी जणांनी लहानपणीच ठरवून टाकलेलं असतं: आपण दिसायला असे, तर निदान स्वभावाने तरी कुणाला तक्रारीला जागा ठेवायची नाही. बाहेरून तो गुण वाटतो, सगळे कौतुक करतात. आत मात्र भीती असते. एकदा नाही म्हटलं, एकदा चिडलं, तर लोक म्हणतील, ‘रूप नाही ते नाही, स्वभावही नाही.’ ही भीती तुझ्या पत्रात जागोजागी आहे. तू प्रेमळ आहेस याबद्दल मला शंका नाही. पण तुझ्या प्रेमळपणातला किती भाग तुझा स्वतःचा आहे आणि किती या भीतीने तुझ्याकडून वसूल केलाय, हे तू एकदा पाहावंस.

पाहायचं कसं? तुझ्याच पत्रात त्याची जागा आहे. शेवटी, ताज्या कलमासारखी, सहज दोन ओळींत तू त्या म्हाताऱ्या खातेदार बाईंचं लिहिलंयस. पेन्शनचे पैसे काढायला त्या येतात तेव्हा मुलगा मागे उभा असतो. शिल्लक किती असं त्यांनी विचारलं, तर तू आकडा मोठ्याने सांगत नाहीस. पासबुक त्यांच्याकडे फिरवून त्या आकड्याखाली फक्त बोट ठेवतेस. बाई वाचतात, मान हलवतात, पासबुक कमरेच्या पिशवीत घालतात. हे तुला कुणी शिकवलं नाही आणि कुणी पाहिलंही नसेल. त्या क्षणी तू कसलीही भरपाई करत नव्हतीस. त्या बाईंचा पैसा त्यांच्याकडे राहावा, एवढंच तुझ्या मनात होतं, आणि क्रीम निघालेलं ते बोट लपवायचंही तुला आठवलं नाही. अंतरंगाचं सौंदर्य म्हणून जे काही असतं, ते मला तुझ्या त्या दोन ओळींत दिसलं. मावशीच्या उशाशी भीतीने काढलेल्या रात्रीत ते असेलच असं नाही.

आता मामांचे चोखोबा. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥’ हा अभंग आपल्याकडे तुझ्यासारख्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची रीत पडली आहे. ऊस वाकडा, पण रस वाकडा नाही. तेव्हा बाळ, तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण हा अभंग कोण कुणाला म्हणतंय, ते पाहा. चोखोबा मंगळवेढ्याचे, ज्यांना विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी आजही पंढरपुरात महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेरच आहे. दाराबाहेर ठेवलेल्या त्या माणसाने स्वतःची समजूत घालायला हे लिहिलेलं नाही. ‘काय भुललासी’ हा प्रश्न समोरच्याला आहे, वरचा रंग पाहून फसणाऱ्याला. शेवटच्या चरणात चोखोबा स्वतःचं नाव घालून ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’ म्हणतात, तेव्हा ते बाहेरच्या वाकडेपणाची आतून फेड करत नाहीत, पाहणाऱ्याकडून हिशेब मागतात. म्हणून मामांना सांग, अभंग म्हणायचाच असेल तर काउंटरवर पैसे ठेवायला लावणाऱ्यांसमोर म्हणा, बैठकीत मुलीचा रंग निरखणाऱ्यांसमोर म्हणा. तो तुला ऐकवायची गरज नाही.

आणि याच परंपरेने बाहेरचं सौंदर्य तुच्छही मानलं नाही. विठ्ठलाचं रूप वर्णन करताना तुकोबा तुळशीहारापासून कानातल्या कुंडलांपर्यंत सगळं डोळे भरून पाहतात. पाहण्यातला आनंद खरा असतो. त्यामुळे ‘दिसण्याला काही महत्त्व नसतं’ असं मी तुला सांगणार नाही. ते खरं नाही आणि तुला पटणारही नाही. त्या मुलाचं हसणं तुला आवडलं, असं तूच लिहिलंयस. तो तुझ्याकडे आवडीने पाहील, ही इच्छाही तितकीच साधी आहे. पण हातांकडे लक्ष जाईल म्हणून तू बांगड्या सोडल्यास, मेंदी सोडलीस, हे वाचून मला फार वाईट वाटलं. चांगल्या मनाची मुलगी म्हणून मिरवायला नटणं सोडावं लागत नाही. घाल बांगड्या. ताजी साधी मेंदी काढ. झटपट काळा रंग देणारी मात्र नको, तिच्यातल्या रसायनाने अंगावर पुरळ उठू शकतं.

आता त्याला सांगण्याबद्दल.

कव्हर क्रीम लावणं ही फसवणूक नाही, हे आधी स्पष्ट करते. पतसंस्थेत, बसमध्ये, लग्नाकार्यात तू काय लावून जातेस, याचं स्पष्टीकरण तू कुणालाच देणं लागत नाहीस. लावायचा कंटाळा आला तर नको लावूस, हौस वाटली तर लाव. पण जो माणूस तुझ्याशी संसार करायचं ठरवतोय, त्याची गोष्ट वेगळी. त्याने तुला निवडायचं तर तुलाच निवडायला हवं आणि त्यासाठी त्याला तू दिसायला हवीस. हे त्याच्यापेक्षाही मी तुझ्यासाठी सांगतेय.

आई म्हणते तसं केलं तर काय होईल, याची नीट कल्पना कर. हळदीच्या दिवशी अंगाला हळद लागणार, मग आंघोळ घालणार, भोवती करवल्या असणार. क्रीम तिथेच जाईल. समजा तो दिवस कसाबसा निभावला. नंतर? नव्या घरात सगळ्यांच्या आधी उठून आरसा गाठायचा, रात्री तोंड धुवायचं की नाही याचा विचार करायचा, नवऱ्याने हात हातात घेतला की तो उजेडात तर नाही ना हे पाहायचं. आज निदान घरी आल्यावर तू तोंड धुऊन मोकळी होतेस. लपवून लग्न केलंस तर तेही राहणार नाही.

आणि कळल्यावर भांडण कोडावरून होणारच नाही. ‘तुम्ही आम्हाला फसवलं’ यावरून होईल, आणि त्या वाक्याला तुझ्याकडे उत्तर नसेल. कायद्याचंही जाणून घे. कोड हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात कधीच नव्हतं. कुष्ठरोग होता, तोही २०१९ मध्ये काढून टाकला. पण १९५५ च्या याच कायद्याच्या कलम १२ मध्ये महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली तर लग्न रद्द करून मागायची तरतूद आहे. फसवणूक कळल्यापासून वर्षभरात तसा अर्ज करता येतो. कोड त्यात बसतं की नाही, यावर वकील वाद घालू शकतात. तुझ्या संसाराचं पहिलं वर्ष त्या वादात जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

मध्यस्थाकरवी सांगणं हा दुसरा मार्ग. अनेक घरांत तोच सोयीचा वाटतो, कारण समोरासमोर अवघडायला होत नाही. मला तो आवडत नाही. मध्यस्थाला स्थळ जमवायचं असतं, म्हणून तो ‘थोडासा डाग आहे, औषध चालू आहे, जाईल’ असं सांगणार, आणि ते निम्मं खोटं तुझ्या नावावर राहणार.

तू स्वतः सांग, साखरपुड्याच्या आधी, भेटून. दिवसा भेटा आणि त्या दिवशी हाताला काही लावू नकोस. ‘एक वाईट गोष्ट सांगायची आहे’ अशी सुरुवात करू नकोस, रडूनही नको. साधं सांग: ‘मला कोड आहे. एकोणिसाव्या वर्षी’ (किंवा जे काही वय असेल ते) ‘सुरू झालं. हातावर आणि ओठांपाशी आहे, पुढे वाढेल की थांबेल हे सांगता येत नाही. ते संसर्गजन्य नाही. तुला काही विचारायचं असेल तर विचार, माझ्या डॉक्टरांना भेटायचं असेल तर बरोबर जाऊ.’ मग गप्प बस आणि त्याला वेळ दे. लगेच ‘काही हरकत नाही’ म्हणाला तर आनंदच आहे, पण आठवडाभर विचार करून आलेला होकार मला जास्त भरवशाचा वाटतो.

तो काय विचारतो, त्याकडे लक्ष ठेव. ‘दुखतं का?’, ‘उन्हात त्रास होतो का?’, ‘मुलांना होईल का?’ हे सगळे प्रश्न चांगले आहेत; शेवटचासुद्धा, तो विचारायचा त्याला हक्क आहे. ‘मला चालेल, पण माझ्या घरी सांगू नकोस’ असं म्हणाला, तर घाईने हो म्हणू नकोस. लपवायचं काम मग दोघांचं होईल, आणि उघडं पडेल तेव्हा बोल तुला एकटीला लागतील. आणि ‘मुलीत कमी आहे, तर सोनं वाढवा, गाडी द्या’ असा सूर कुठूनही निघाला, तर तिथेच उठा. हुंडा मागणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तर झालंच. पण ज्या घरात तुझ्या त्वचेची किंमत तोळ्यांत लावली, तिथे तुझं ते कधीच न फिटणारं कर्ज खरोखरचं होऊन बसेल.

तो नकार देऊ शकतो. तो दुष्ट असेलच असं नाही. कदाचित घाबरेल, कदाचित घरच्यांपुढे त्याचं चालणार नाही. तुला खूप लागेल, विशेषतः फोनवर इतकं बोलणं झालेलं असताना. रड, आईजवळ जा, काही दिवस कुणाशी बोलू नकोस. त्याच्या नकारावरून तुझी किंमत मात्र ठरवू नकोस. आणि यापुढचं प्रत्येक स्थळ पहिल्या-दुसऱ्या भेटीतच हे ऐकून पुढे जाईल, असं ठरवून टाक. बायोडाटात लिहावं की भेटीत सांगावं, यावर दोन मतं आहेत. लिहिलं तर फोन कमी येतात, पण येतात ते विचार करून आलेले असतात. माझा कल लिहिण्याकडे आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली ‘श्वेता असोसिएशन’ ही संस्था कोड असलेल्यांसाठी काम करते, वधूवर मेळावेही घेते. त्यांच्याशी संपर्क कर. स्थळासाठी नाही तरी, हे सगळं आधी भोगून बसलेली माणसं भेटतील म्हणून जा.

आईची भीती भावाच्या लग्नाची आहे, तिला रागावून उपयोग नाही. तिला माहिती दे. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या पेशी नाहीशा होतात. जगात शंभरात जवळपास एकाला ते असतं. एका ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने, शरीरसंबंधाने ते पसरत नाही. कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही: कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्यावर बधिरपणा येतो, कोडाच्या डागाला स्पर्श नीट कळतो. माशावर दूध प्यायल्याने ते होत नाही. आनुवंशिकतेचा थोडा भाग आहे, पण बहुतेकांच्या जवळच्या नात्यात दुसऱ्या कुणाला कोड नसतं, आणि आई किंवा वडिलांना असलं तरी बहुसंख्य मुलांना ते होत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाशील तेव्हा आईला आणि भावालाही घेऊन जा. हेच सगळं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरात जास्त पटतं.

उपचारांबद्दल तू फारसं लिहिलं नाहीस, बहुधा कंटाळून सोडले असावेस. पुन्हा एकदा चांगल्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. मलमं आहेत, आठवड्यातून दोन-तीनदा द्यायची अतिनील किरणांची उपचारपद्धती आहे. तिला महिनोन्महिने लागतात. चेहरा बऱ्यापैकी प्रतिसाद देतो. बोटांची टोकं आणि ओठ मात्र हट्टी असतात, तेव्हा तिथे रंग परतला नाही तर आपलंच काहीतरी चुकलं असं समजू नकोस. थायरॉइडची तपासणी करून घे, कोडाबरोबर तो त्रास असण्याची शक्यता जास्त असते. डागांवर सनस्क्रीन लाव, तिथे ऊन लवकर भाजतं. आणि एक बारीकशी गोष्ट, जी बायकांना कुणी सांगत नाही: काही चिकटवायच्या टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं की कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो. कुंकू किंवा गंध लाव, नाहीतर कपाळ मोकळं ठेव. ‘पंधरा दिवसांत मुळापासून’ अशी जाहिरात करणाऱ्याच्या दारात जाऊ नकोस.

तुझ्याखेरीज हे वाचणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही एक सांगते. एखाद्या मुलीने येऊन ‘मला कोड आहे’ असं स्वतःहून सांगितलं, तर शेजारणीला विचारायच्या आधी डॉक्टरांना विचारा. नकार द्यायचा असेल तर सरळ शब्दांत द्या. ‘पत्रिका जुळत नाही’ असं सांगून त्या मुलीला महिनाभर टांगून ठेवू नका, तिला खरं कारण कळतंच.

या आठवड्यात तुला दोन कामं देते, दोन्ही त्या मुलाशी संबंध नसलेली. ज्या सहकाऱ्याचं महिनाअखेरचं काम तू दर वेळी करतेस, त्याला यंदा सांग, ‘मला जमणार नाही.’ कारण देऊ नकोस. तो नाराज होईल, होऊ दे. दोन दिवस तुला अस्वस्थ वाटेल, तेही वाटू दे. आणि ‘पैसे काउंटरवर ठेवा’ म्हणणारा पुढचा खातेदार आला की आवाज न चढवता म्हण, ‘काका, हे लागत नाही. पैसे मोजून घ्या.’ त्याने हात पुढे केला तर नोटा हातात दे. नाहीच केला, तर काउंटरवर ठेव आणि पुढच्या माणसाला बोलाव.